वोक बदलू नका, जाळ बदला

प्रश्न : आम्ही सुटीच्या दिवशी बाहेर विटांची चूल मांडून वोकमध्ये (खोलगट चिनी कढईत) भाज्या परततो. निखारे छान फुलल्यावरच वोक ठेवतो, तरी भाज्यांना पाणी सुटून त्या लिबलिबीत होतात. घरी गॅसवर असं होत नाही. वोक जाड घ्यावा का? नॉन-स्टिक चालेल का?

उत्तर : वोक आहे तोच ठेवा. गडबड निखाऱ्यांची आहे. निखाऱ्यांवर भाजावं, परतायला मात्र ज्वाळा हवी, आणि तीही वोकच्या बुडाला भिडणारी. वोकचा पत्रा असतो जेमतेम दीड-दोन मिलिमीटरचा. त्यात उष्णता साठत नाही, खालून येईल तेवढीच वर मिळते. भाजी पडली की पाणी सुटणारच. ते सुटताक्षणी उडून गेलं पाहिजे, आणि खरी मेख तिथेच आहे : गोठणबिंदूपासून उकळीपर्यंत पाणी तापवायला जेवढी उष्णता लागते, तिच्या पाचपटीहून जास्त त्याच पाण्याची वाफ करायला लागते. तेवढा जोर जाळात नसेल तर भाजी परतली जात नाही, उकडते.

म्हणून अंगठ्याएवढ्या जाडीच्या, खडखडीत वाळलेल्या काटक्या घ्या. ओलं लाकूड आधी स्वतःचंच पाणी उडवत बसतं आणि तुम्हाला धूर देतं. रंग दिलेल्या फळ्या तर अजिबात जाळू नका. विटांमध्ये पुढून हवेला वाट ठेवा, मागे वोकच्या काठाखाली बोटभर फट सोडा. बहुतेक जण वोक चुलीवर झाकणासारखा घट्ट बसवतात आणि मग फुंकून फुंकून डोळे लाल करतात!

चिराचिरी आधीच उरका. भाज्या धुतल्यावर फडक्याने कोरड्या करा. तेलातून धुराची पहिली रेघ दिसली की भाजी टाका, पण एका वेळी बुडाला एक थर बसेल इतकीच. चार माणसांचं एकदम करायचा मोह आवरा. चुलीला गॅससारखं बटण नसतं. आच जास्त वाटली तर वोक उचलून धरा किंवा एखादी काटकी मागे ओढा. तेलाने पेट घेतलाच तर पाणी मारू नका, झाकण घाला. ते हाताशीच असू द्या.

नॉन-स्टिक? नको. ते लेपन २६० अंशांपुढे बिघडू लागतं, आणि जाळावरचा रिकामा वोक तिथवर बघता बघता पोचतो. नवा घ्यायचाच झाला तर साधं कार्बन स्टील घ्या, लाकडी मुठीचं.