लेकीचा एच-इंडेक्स चारच कसा?

प्रश्न : माझा जन्म रापण, म्हणजे किनाऱ्यावरून ओढायचं मोठं जाळं, ओढण्यात गेला. लेक राज्यशास्त्र शिकवते. तिची पीएचडी रापण संघांवर आहे. पाळी कशी ठरते, वाटे कसे पडतात, तंटा कोण मिटवतं, असं सगळं तिने लिहिलंय. परवा बढतीच्या मुलाखतीत तिला ऐकवलं की, तुमचा एच-इंडेक्स ४ आणि रसायनशास्त्राच्या सरांचा १९. त्या रात्री ती जेवली नाही. ‘बाबा, थयसर सगळा आकड्यावर चलता,’ एवढंच म्हणाली. हा आकडा असतो तरी काय?
— एक वाचक, मालवण

उत्तर : तुम्ही गूगल स्कॉलरवरच्या तिच्या यादीची झेरॉक्स पाठवलीत ते फार बरं केलंत, समोर ठेवूनच लिहिते आहे. लेखाच्या नावापुढचा आकडा म्हणजे तो लेख इतरांनी आपल्या लिखाणात किती वेळा संदर्भाला घेतला. तिच्या लेखांपुढे ३१, १२, ६, ४, ३, १ आणि ० असे आकडे आहेत. वरून मोजत या. चौथ्या लेखाला निदान ४ संदर्भ आहेत, पण पाचव्याला ५ नाहीत. म्हणून एच-इंडेक्स ४. पहिल्या लेखाला ३१ ऐवजी ३०० संदर्भ असते तरी आकडा ४च राहिला असता.

होर्हे हिर्श या भौतिकशास्त्रज्ञाने २००५ साली ही मोजणी सुचवली. विषयागणिक हा आकडा वेगळा येतो, हे त्यांनी स्वतःच तेव्हा लिहिलं होतं. रसायनशास्त्रात एका लेखावर पाच-सात जणांची नावं असतात, लेख लहान असतात आणि भराभर निघतात. तुमची लेक दोन पावसाळे किनाऱ्यावर बसून, माणसांशी बोलून, एकटीने एक लेख लिहिते. या दोघांना एका तराजूत घालणं चूकच आहे, आणि मुलाखत घेणाऱ्यांना हे माहीत असायला हवं होतं.

त्यात आमच्या राज्यशास्त्राची बरीच विद्या पुस्तकांत असते आणि मराठीतही असते. मोठ्या आंतरराष्ट्रीय सूचींत मराठी नियतकालिकं जवळपास नसतातच. पंचायतींत बायकांना राखीव जागा देणाऱ्या ७३व्या घटनादुरुस्तीनंतर मी संगमेश्वर तालुक्यातल्या महिला सरपंचांवर मराठीत लेख लिहिला होता. त्याच्या झेरॉक्स काढून बायका ग्रामसभेला घेऊन जात. सूचीत त्याच्यापुढे आजही शून्य आहे.

एलिनॉर ऑस्ट्रॉम यांचं नाव लेकीला ठाऊक असणारच. त्या राज्यशास्त्रज्ञ. त्यांना २००९ साली अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं. त्यांच्या १९९० च्या पुस्तकात तुर्कस्तानातल्या अलान्या गावचे मच्छीमार आहेत. दर सप्टेंबरला ते चिठ्ठ्या टाकून मासेमारीच्या जागा वाटून घेत आणि मग रोज एकेक जागा पुढे सरकत, म्हणजे चांगली जागा सगळ्यांच्या वाट्याला येई. तुमच्या पाळीसारखंच की! जगात हजारोंनी संदर्भाला घेतलेलं हे काम आणि तुमच्या लेकीचं काम एकाच घरातलं आहे.

आता एक काम आजच करायला सांगा. लग्नाआधीच्या आडनावाने छापलेले तिचे दोन लेख मला वेगळे सापडले. एकाला ९ संदर्भ, दुसऱ्याला ५. ते या यादीत आलेलेच नाहीत. यादीत ‘लेख जोडा’ करून ते आत घ्यायचे. मग वरून ३१, १२, ९, ६, ५ असे आकडे लागतील आणि एच-इंडेक्स ५ होईल. लग्नानंतर आडनाव बदललेल्या किती तरी बाईमाणसांचं काम असं दोन ठिकाणी फाटून पडलेलं असतं, याचा मला फार राग येतो. नाव बदललं तरी संशोधकाची ओळख एकच ठेवणारा ओआरसीआयडी नावाचा क्रमांक फुकट मिळतो. तो तिने घ्यावा आणि पुढच्या प्रत्येक लेखावर टाकावा. पीएचडी शोधगंगावर, म्हणजे भारतातल्या प्रबंधांच्या ऑनलाइन भांडारात, चढली आहे ना, तेही बघावं.

पुढच्या मुलाखतीला मात्र नुसता आकडा नेऊ नये. ते ३१ संदर्भ तिने एकेक उघडून वाचावेत. कोणी नुसतं नाव घेतलंय, कोणी तिची वाट्यांची मांडणी उचलून दुसऱ्या किनाऱ्यावर लावून बघितलीय, कोणी तिला खोडून काढलंय, हे एका पानावर लिहावं. खोडून काढणाराही मोजणीत एकच धरतात, पण त्याने लेख नीट वाचलेला असतो. सोबत, संशोधन आकड्यांनी कसं मोजावं याबद्दलचा २०१५ चा लायडन जाहीरनामा जोडावा. स्थानिक महत्त्वाच्या संशोधनाचा दर्जा जपा, असं त्यात स्पष्ट म्हटलंय.

आणि तो ० वाला लेख मला पाठवायला सांगा. तंटे कोण मिटवतं, ते त्यात आहे असं शीर्षकावरून वाटतंय. मला तो वाचायचा आहे.