नवीन तट्टाणी घरी आणतोय. तिला रुळवायचं कसं आणि गाडीला जुंपायचं कधी?

तुम्ही लिहिलंय की अकलूजच्या बाजारात साडेतीन वर्षांची तट्टाणी ठरवलीय, पुढच्या रविवारी ती टेम्पोनं कसबा बावड्याच्या मळ्यावर येणार आणि पाडव्याला पोरांना गाडीत बसवून चक्कर मारायची. घरात आजवर कुणी घोडं पाळलेलं नाही. सरळ सांगतो दादा, पाडव्याला रिकामी गाडी तिच्या मागं लागेल. पोरं आणि डांबरी रस्ता मात्र पुढच्या दसऱ्याला.

आमचे आजोबा कोल्हापूर स्टेशनवर टांगा चालवायचे. मी स्वतः उद्यमनगरात लेथवर काम करतो, घोडी फक्त हौसेखातर. आजवर पाच जनावरं गाडीला शिकवली. त्यांतलं तिसरं घाईत शिकवलं, त्याची गोष्ट पुढं येईलच.

पैसे अजून पूर्ण दिले नसतील तर आधी दोन गोष्टी बघा. पहिली, दात. साडेतीन वर्षांच्या घोड्याला वर चार आणि खाली चार पक्के पुढचे दात असतात, कोपऱ्यातले अजून दुधाचे असतात. सहाच्या सहा पक्के दिसले तर ती साडेचाराच्या पुढं गेलीय. त्यात वाईट काही नाही, उलट गाडीला बरंच, पण मग विकणारा बाकी काय काय लपवतोय हेही बघा. दुसरी, ग्लँडर्सची रक्ततपासणी. हा रोग घोड्याकडून माणसाला होतो, त्यावर लस नाही आणि जनावर बाधित निघालं तर कायद्यानं त्याला मारावं लागतं. पशुवैद्यकीय दवाखान्यामार्फत रक्ताचा नमुना तपासायला जातो. देशात या कामाची मुख्य संस्था हिसारचं राष्ट्रीय अश्व अनुसंधान केंद्र. बाजारातले लोक अंगावरच्या केसांच्या भोवऱ्यांवर तासभर वाद घालतील, अमका भोवरा धन्याला खातो म्हणतील. त्या तासात रक्त काढून होतं.

आता रविवार. सांगोला-मिरजेवरून येईस्तोवर तिचे चार-पाच तास उभ्यानं जाणार. टेम्पोत तिचं तोंड वर आखडून बांधू देऊ नका. घोड्याला मान खाली घालून नाक मोकळं करता आलं नाही तर धूळ छातीत बसते आणि दोन दिवसांनी ताप येतो. म्हणून पहिले तीन दिवस सकाळ-संध्याकाळ ताप मोजा. 99 ते 101 फॅरनहाइट ठीक, 102 च्या वर गेला तर डॉक्टर. विकणाऱ्याकडून तिच्या रोजच्या वैरणीचं पोतं सोबत मागून घ्या आणि आठ-दहा दिवसांत थोडं थोडं करत तुमच्या वैरणीवर आणा. घोड्याला उलटी करता येत नाही. पोटात बिघडलं की पोटशूळ, आणि पोटशुळानं घोडं रात्रीत जातं.

उतरली की दारात पायांवर पाणी घाला, भाकरीचा तुकडा ओवाळून टाका, हळदकुंकू लावा. हे सगळं करा, मीही करतो. पण गल्ली गोळा करू नका, फटाके नकोत. आणि गूळ नको! कोल्हापुरात पाहुणा आला की गूळ आलाच, पण तट्टाच्या जातीला गोडाचं वावडं समजा. साखर जास्त झाली की खुरांच्या आत आग पडते, पुढचे पाय पुढं टाकून मागच्यांवर भार देत उभं राहतं बिचारं. कायमचं लंगडंही होतं. एखादा खडा हाताला ओळख म्हणून चालेल, ढेप नव्हे. शेजारी प्रेमानं उसाचं कांडं देणार, त्यांना आत्ताच सांगून ठेवा.

खाण्याचा हिशेब असा. छातीचा घेर सेंटिमीटरमध्ये घ्या, त्याला त्यानंच गुणा, मग खांद्याच्या टोकापासून ढुंगणाच्या टोकापर्यंतच्या लांबीनं गुणा आणि 11,880 नं भागा. किलोत वजन येतं. घेर 145 आणि लांबी 135 असेल तर साधारण 239 किलो. त्याच्या दोन टक्के, म्हणजे पाचेक किलो वाळलेली वैरण दिवसाला, चार-पाच वेळा विभागून. कडबा, वाळलेलं गवत चांगलं. आपल्याकडं म्हशीसारखं हत्तीगवत आणि वर गव्हाचा कोंडा घालायची सवय असते. ही जोडी घोड्याला वाईट. असल्या गवतातलं ऑक्झलेट कॅल्शियम धरून ठेवतं, कोंड्यातलं फॉस्फरस उरलेलं बिघडवतं, आणि काही महिन्यांनी तोंडाची हाडं फुगायला लागतात. दूध देणाऱ्या म्हशीचं गणित घोड्याला लावू नका, एवढंच. पाणी सतत पुढ्यात हवं, 20 ते 40 लिटर जातं.

धनुर्वाताची लस आणि जंताचं औषध पहिल्या पंधरवड्यात उरका. शेजारी दुसरं घोडं असेल तर तीन आठवडे लांब ठेवा. जवळपास दुसरं घोडं नसेल तर मात्र एखादी शेळी सोबत बांधा. घोडं हे कळपाचं जनावर. एकटं ठेवलं तर रात्रभर उभं राहतं, कारण आडवं पडून झोपायला राखण करणारं कुणी नाही. आमच्याकडं नवीन जनावराच्या अंगाला एके सकाळी गवत-माती चिकटलेली दिसली की आजोबा म्हणायचे, आता हे ठाणावर आलं. म्हणजे रात्री ते निजलं. तोवर शिकवणीचं नाव काढायचं नाही.

त्या दिवसांत कामं दोनच, खरारा, म्हणजे अंग घासणं, आणि चालणं. रोज खरारा, आणि चारही पाय उचलून खूर साफ. आपल्या पावसात हे चुकलं तर खुराच्या मधला मऊ भाग सडतो, वास येतो. नालबंद सहा ते आठ आठवड्यांनी. जवळ जाताना आधी बोला, मग हात लावा. घोड्याला दोन्ही बाजूंचं भरपूर दिसतं, पण नेमकं शेपटीमागचं आणि कपाळासमोरचं दिसत नाही. लाथ बहुतेक वेळा रागानं नाही, दचकून बसते.

आता ती तिसऱ्या जनावराची गोष्ट. घोडी गुणी होती. लांब दोरीवर गोल सुंदर फिरायची, विसाव्या दिवशी गाडीला जुंपली तर आठवडाभर लोण्यासारखी चालली. मी गावभर सांगत सुटलो. जानेवारीत, उसाचा हंगाम ऐन भरात, मागून ट्रॅक्टर आला. दोन ट्रॉल्या, वर बांधलेला साउंडबॉक्स, तुम्हाला चित्र माहीत आहे. मी लगाम खेचला, “हो हो” म्हटलं. तिला चालायचं शिकवलं होतं, थांबायचं मी शिकवलंच नव्हतं. आजवर ती थांबायची ते तिला थांबायचं असायचं म्हणून. भरधाव निघाली, चाक पाटात गेलं, दांडी मोडली, माझं गळ्याजवळचं हाड मोडलं. घोडीला खरचटलंही नाही. पण पुढं वर्षभर ती दांड्यांमध्ये उभी राहिली नाही, आणि ते वर्ष माझ्या घाईनं खाल्लं.

तेव्हापासून माझ्याकडं पहिला धडा उभं राहण्याचा असतो. मोहरकी, म्हणजे कडी नसलेला तोंडावरचा साज, आणि दोरी घेऊन निघा, दहा पावलं चाला, “हो” म्हणा, तुम्ही थांबा. ती थांबली की दोरी तत्काळ सैल. तोंडावरचा दाब जाणं हेच तिचं बक्षीस, थोपटणं नंतर. आधी पाच सेकंद, मग अर्धा मिनिट, मग दोन मिनिटं. शब्द ठरवून घ्या आणि घरातल्या सगळ्यांना तेच वापरायला लावा. पोरगं “चल चल, थांब की” असं एका दमात म्हणालं तर ती काय समजणार?

दुसरी पायरी काव्याची. लांब दोरीवर गोल फिरवण्याला कावा म्हणतात. गनिमी काव्याचा कावा आपल्याला इतिहासाच्या पुस्तकात भेटतो, घोडेवाल्याला तो रोज सकाळी भेटतो. दहा-बारा मिनिटं, दोन्ही बाजूंनी, चालीत आणि थोडं दुडकीत. साडेतीन वर्षांच्या सांध्यांना यापेक्षा जास्त गोल गोल नको.

तिसरी पायरी लोक गाळतात आणि तीच सगळ्यात महत्त्वाची. दोन लांब लगाम लावायचे आणि तिच्या मागून, जरा बाजूला राहून, पायी चालत तिला हाकायचं. धन्याला पुढं बघत चालणारं जनावर पहिल्यांदा एकटं पुढं होतं, इथंच त्याची खरी परीक्षा. निदान महिनाभर करा. मळ्यात, मग बांधावरून, मग गल्लीत. पंचगंगेकाठी धुणं आपटायचा आवाज, प्लास्टिकचं उडतं कापड, दुधाच्या किटल्यांची मोटरसायकल, सगळं पायी असतानाच दाखवून घ्या. ट्रॅक्टर तर मुद्दाम दाखवा. ओळखीच्या ड्रायव्हरला रविवारी बोलवा, आधी बंद ट्रॅक्टरशेजारी तिला वैरण टाका, मग चालू, मग हळूहळू चालता, शेवटी गाणी लावून. मला यात तीन आठवडे जातात आणि तो ड्रायव्हर चहावर खूश असतो.

लगामाची कडी साधी, गुळगुळीत, मधे सांधा असलेली घ्या. काटेरी कडी कुणी “लगेच ताब्यात येतं” म्हणून दिली तर परत करा. ओझ्याच्या जनावरांसाठीच्या 1965 च्या नियमांत काटेरी लगामाला बंदी आहे. त्याच नियमांत आहे की तापमान 37 अंशांच्या वर असेल तर दुपारी 12 ते 3 जनावर जुंपायचं नाही. आपल्या एप्रिल-मेला हे ध्यानात ठेवा.

मग ओढ. आधी नुसता मागून आवाज. एक माणूस तिच्यापासून लांब, बाजूनं, डबा बांधलेलं पोतं फरफटत नेतो, ती बघते. नंतर तेच मागून. मग छातीपट्टा चढवून टायर, पण टायरची दोरी माणसाच्या हातात, म्हणजे बिथरली तर सोडून देता येते. छातीपट्टा चार बोटं रुंद, आतून मऊ आणि श्वासनळीच्या खाली, खांद्याच्या सांध्याच्या वर बसला पाहिजे. चामड्याच्या कारागिरांची कोल्हापुरात वाण नाही, पण माप जनावरावर घ्यायला लावा, अंदाजे नको. टायरनंतर दोन वेळू दोन्ही कुशींना लावून चालवा, वळवा. दांडी कुशीला घासते तेव्हा बरीच जनावरं पहिल्यांदा उसळतात. गाडीत उसळण्यापेक्षा वेळूत उसळलेलं स्वस्त पडतं.

डोळ्यांच्या बाजूला लावायची झापडं हवीत का, हे वादाचं आहे. मी आधी झापडांशिवाय सगळं दाखवतो आणि गाडीच्या वेळी लावतो. मागं काय आहे हे माहीत नसताना डोळे झाकले तर भीती झाकत नाही, वाढते.

जुन्या कोल्हापुरात नवीन घोड्याला खडखड्याला जुंपायचे. शाहू महाराजांच्या खडखड्याच्या गोष्टी तुमच्या आजोबांनी सांगितल्या असतील. जड, दणकट, मोडणार नाही आणि उलटणार नाही अशी गाडी. सोबत शिकलेलं घोडं असलं की नवीन त्याच्याकडं बघून शिकायचं. तुमच्याकडं जोडीदार नाही, म्हणून तुम्हाला हलकी दोन चाकांची गाडी, पण दोन माणसं पाहिजेत. एक तिच्या तोंडाशी, एक लगामावर.

जुंपताना आधी लगाम हातात, मग गाडी मागून तिच्याकडं ओढत आणायची. तिला मागं सरकवत दांड्यांत घालायचं नाही. मग ओढीचे पट्टे, शेवटी पुठ्ठ्यामागचा, म्हणजे ढुंगणामागून जाणारा पट्टा. सोडताना बरोबर उलटं. गाडी लागलेली असताना तोंडावरचा साज कधीही, एक सेकंदही, काढायचा नाही. झापडं निघाली आणि मागं गाडी दिसली की थेट पळ. पुठ्ठ्यामागचा पट्टा बाजारातल्या स्वस्त साजात बऱ्याचदा नसतोच. मग उतारावर गाडी तिच्या टाचांवर येते. जोतिबाच्या घाटाचं सोडा, मळ्यातल्या उतारावरसुद्धा तो नसेल तर जुंपू नका.

तोल पण बघा. माणूस बसल्यावर दांडी एका बोटानं उचलता आली पाहिजे. जड लागली तर भार तिच्या पाठीवर जातोय, वर उडत असेल तर पोटपट्टा तिला उचलतोय. बैठक चार इंच मागंपुढं करून हे जमतं, कुठलाही वेल्डर करून देईल.

पहिल्या दिवशी गाडीत कुणी बसायचं नाही. वीस पावलं, “हो”, उभं राहणं, सोडणं, संपलं. ती कंटाळायच्या आत थांबा. पुढचे पंधरा दिवस असेच, मग एक माणूस, मग मळ्याबाहेर. रविवारी ती उतरली की कळवा, आणि दातांचा एक फोटो टाका. कोपऱ्यातले दात बघून वय सांगतो, म्हणजे काव्याला किती वेळ घ्यायचं तेही ठरवता येईल.