'ट्रेंच'ला खंदक म्हणावं का?

प्रश्न असा आहे: पहिल्या महायुद्धावरचा मजकूर मराठीत आणताना 'ट्रेंच'ला, म्हणजे सैनिक ज्यात उतरून लढत त्या खोदलेल्या जागेला, 'खंदक' म्हटलं, तर वाचकाच्या डोळ्यांपुढे किल्ल्याभोवतीचा पाण्याने भरलेला खंदक उभा राहतो. मग 'चर' म्हणावं, 'खाई' म्हणावं की 'मोर्चा'? सोबत नमुन्याचं एक वाक्य दिलं आहे: 'सैनिक संपर्क खंदकांतून मोर्चावर गेले.'

खंदकच म्हणा. 'खंदकयुद्ध' हा शब्द मराठीत चांगला रुळला आहे, तो मोडायचं कारण नाही. पण शंका अगदी रास्त आहे, कारण विसाव्या शतकात खंदकाचं काम उलटं झालं.

शब्दाचं मूळ खणण्यातच आहे. इराणी भाषांतला 'कन्' हा खणण्याचा धातू, त्यापासून झालेला शब्द अरबीत जाऊन 'खंदक' झाला आणि फारसीमार्गे आपल्याकडे आला. आपलं 'खणणे' संस्कृत 'खन्'वरून आलेलं, म्हणजे दोघांचं दूरचं नातं आहे. त्यामुळे पाणी असलंच पाहिजे अशी अट या शब्दात कधीच नव्हती. दौलताबादचा खंदक कातळात खोदलेला आहे. पानिपतावर भाऊसाहेबांनी १७६० च्या अखेरीस छावणीभोवती खंदक खणला, तिथे तर किल्लाही त्यांचा नव्हता. पण या सगळ्या खंदकांत एक गोष्ट समान होती: त्यात कोणी बसत नसे. शत्रूची शिडी, घोडा आणि सुरुंग खणणारा बेलदार तटापासून लांब ठेवायचा, एवढंच त्याचं काम. लढणारा माणूस खंदकाच्या आत, तटामागे किंवा बांधामागे असे.

जमिनीत बसून लढे तो वेढा घालणारा. त्याच्या जागेला आपल्याकडे 'मोर्चा' म्हणत. फारसी 'मोर्चाल'वरून आलेला हा शब्द. १७३९ मध्ये वसईला चिमाजी अप्पांच्या फौजेने मोर्चे लावले, ते तटाकडे सरकवत नेले आणि सुरुंग उडवले. कामाच्या दृष्टीने पाहिलं तर ट्रेंचला सर्वांत जवळचा जुना मराठी शब्द हाच. पण आज 'मोर्चा' म्हटलं की लोक, घोषणा आणि जिल्हाधिकारी कचेरी आठवते. जुना अर्थ 'मोर्चेबांधणी'त तेवढा उरला आहे. 'पश्चिमी मोर्चा' ही हिंदीची वळणं आहेत. मराठीत 'पश्चिम आघाडी'. 'चर' हा पाणलोटाच्या कामातला नेहमीचा शब्द, सलग समतल चर वगैरे. तो सुट्या, अरुंद खोदकामाला चालतो. 'खाई' नको, तिचा अर्थ दरीकडे जातो.

१९१४ मध्ये काय घडलं ते पाहिलं की शब्दाचा अर्थ का सरकला ते कळतं. ऑगस्टमध्ये जर्मनांनी बेल्जियममधल्या लिएजच्या किल्ल्यांवर ४२ सेंटिमीटर तोंडाच्या तोफा आणल्या. एकेक गोळा ८०० किलोंच्या आसपास. १५ ऑगस्टला लाँसँ किल्ल्याचं दारूकोठार उडालं आणि किल्ला गेला. तटाचा भरवसा संपला. मोकळ्या मैदानातही उभं राहता येईना, कारण फ्रेंचांची ७५ मिलिमीटरची तोफ धक्का स्वतःच पचवायची, दर गोळ्यानंतर पुन्हा नेम धरावा लागत नसे आणि ती मिनिटाला १५ गोळे टाकू शके. वरून मशीनगन. तेव्हा तटामागचा माणूस खंदकात उतरला. त्या वर्षअखेरीस उत्तर समुद्रापासून स्वित्झर्लंडच्या सीमेपर्यंत सुमारे ७०० किलोमीटर खंदकांची रांग तयार झाली.

या खंदकाच्या भागांसाठी मराठीत शब्द पुरेसे आहेत, फक्त ते लष्करी आणि शेतीच्या बोलीतून उचलावे लागतात. खोली साधारण सहा-सात फूट, म्हणजे उभा माणूस झाकला जाईल एवढी. पुढे आणि मागे मातीच्या पोत्यांचे बांध: 'पुढचा बांध', 'मागचा बांध'. गोळी झाडायला चढून उभं राहायची 'पायरी'. आखणी 'नागमोडी', किंवा ठरावीक अंतरावर मातीचे 'आडबांध'. हे सौंदर्यासाठी नव्हतं. सरळ खंदकात शत्रू एका टोकाला घुसला तर लांबीच्या दिशेने एकाच मशीनगनने सगळा खंदक साफ करू शकतो, आणि आत पडलेल्या गोळ्याचे तुकडे लांबवर जातात. वळण असलं की नुकसान एका कप्प्यापुरतं राहतं. अशा माऱ्याला 'बगलेचा मारा' म्हणावं. ओळींना 'फळी' हा आपला चांगला शब्द आहे: पहिली फळी, आधाराची फळी, राखीव फळी. त्यांना जोडणारा तो 'जोडचर', कारण त्यातून लढत नसत, रसद आणि कुमक नेत. म्हणून नमुन्याचं वाक्य असं करावं: 'सैनिक जोडचरांतून पहिल्या फळीत पोचले.'

'खंदक खोदले' हे क्रियापदही दरवेळी चालत नाही. बेल्जियमच्या फ्लँडर्स भागात जमिनीखाली थोडक्यातच पाणी लागे, म्हणून बऱ्याच ठिकाणी पोती रचून छातीइतका बांध जमिनीवरच उभारावा लागला. तिथे 'खंदक बांधले' हेच बरोबर. मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकमध्येही हाच त्रास. तुर्कांनी कुत-अल-अमारा गावाला घातलेल्या वेढ्यात ब्रिटिश-हिंदी फौजेच्या सहाव्या पुणे डिव्हिजनबरोबर १०३, ११० आणि ११७ या मराठा पलटणी अडकल्या होत्या. टायग्रिसच्या पुराचं पाणी खंदकांत शिरलं आणि दोन्ही बाजूंना पुढच्या जागा सोडाव्या लागल्या. अखेर २९ एप्रिल १९१६ ला उपासमारीने शरणागती झाली. मराठी वाचकासाठी खंदकयुद्ध लिहिताना फ्रान्सइतकंच हे नाव यायला हवं.

'मशीनगन' तशीच ठेवा. 'यंत्रतोफ' चुकीची कल्पना देते: तोफ गोळा फेकते, मशीनगन रायफलचीच गोळी झाडते. ब्रिटिशांची विकर्स मिनिटाला ४५० ते ५०० गोळ्या झाडी. २५० गोळ्यांचा कापडी पट्टा, नळीभोवती सुमारे ४ लिटर पाणी. सलग झाडत राहिलं तर ६०० गोळ्यांच्या आसपास ते उकळू लागे, आणि वाफेने जागा उघडी पडू नये म्हणून ती रबरी नळीने डब्यात सोडत. पाणी कमी पडलं की नळी तापून निकामी व्हायची.

आता भाषांतरातली सर्वांत गंभीर चूक. १ जुलै १९१६ ला फ्रान्समधल्या सॉमच्या लढाईत ब्रिटिशांचे '५७,४७० सैनिक मारले गेले' असं मराठीत वारंवार छापलं जातं. तो आकडा हताहतांचा आहे: मृत, जखमी, बेपत्ता आणि कैदी मिळून. मृत १९,२४०. 'हताहत' शब्द असताना 'ठार' लिहू नये. त्या दिवशी एवढी हानी का झाली हेही शब्दाशी निगडित आहे. आधी आठवडाभर 'भडिमार' झाला, सुमारे १५ लाख गोळे. पण त्यातले बरेच शिशाच्या गोळ्या भरलेले, हवेत फुटणारे होते. ते नेमक्या उंचीवर फुटले तरच जर्मन खंदकांपुढच्या काटेरी तारा तुटत. स्फोटक गोळे मातीत रुतून फुटत, तारा उडून पुन्हा तिथेच पडत. कित्येक फुटलेच नाहीत. जर्मन खडूच्या दगडात खोलवर कोरलेल्या तळघरांत सुरक्षित होते आणि मारा पुढे सरकताच मशीनगन घेऊन वर आले. तारांना टेकताच गोळा फोडणारा फ्यूज, म्हणजे गोळ्याची कळ, ब्रिटिशांना १९१७ मध्ये मिळाला.

'रणगाडा' हा मात्र मराठीने केलेला उत्तम शब्द. 'टँक' हे नाव गुप्ततेसाठी घेतलेलं, पाण्याच्या टाक्या आहेत असं भासवण्यासाठी. मराठीने ते सोडून वस्तूचं वर्णन केलं. १५ सप्टेंबर १९१६ ला तो प्रथम रणात उतरला. खंदक ओलांडणं हेच त्याचं काम, तेव्हा जर्मनांनी खंदक रुंद केले. त्यावर १९१७ मध्ये फ्रान्समधल्या कांब्रेला ब्रिटिश रणगाड्यांनी झाडाच्या फांद्यांच्या मोठमोठ्या मोळ्या आणून खंदकात टाकल्या. पुढे फक्त रणगाडा अडवण्यासाठी रुंद खंदक खणले जाऊ लागले, त्यात कोणी बसत नाही. १९६५ च्या भारत-पाक युद्धात लाहोरसमोरच्या इच्छोगिल कालव्याने तेच काम केलं. इथे 'खंदक' शब्द पानिपतावरच्या अर्थाने बिनधास्त वापरता येतो.

'सुरुंग'बद्दल प्रश्नात काही नाही, पण मजकुरात तो येणारच. ७ जून १९१७ ला बेल्जियममधल्या मेसिनला ब्रिटिशांनी जर्मन फळीखाली १९ सुरुंग उडवले, ते खरे जुन्या अर्थाचे: आधी बोगदा, मग दारू. पायाखाली किंवा चाकाखाली फुटतो तो 'भूसुरुंग', समुद्रातला 'पाणसुरुंग'. तिन्हींना नुसतं 'सुरुंग' लिहिलं तर मेसिनच्या वाक्यात वाचक डबा पुरलेला समजेल, आणि खाणकऱ्यांनी जमिनीखाली केलेलं महिनोन् महिन्यांचं खोदकाम त्याला दिसणारच नाही.