दूधगंगेच्या जाळ्यात आलेला कवचधारी मासा

प्रश्न : आमचे गाव कर्नाटकातील निपाणी तालुक्यात दूधगंगेच्या काठी आहे. गेल्या आठवड्यात बंधाऱ्याच्या खालच्या अंगाला लावलेल्या जाळ्यात सुमारे सव्वा फूट लांबीचा एक मासा सापडला. अंग करडे-तपकिरी, त्यावर वेड्यावाकड्या रेघांची नक्षी, तोंड खालच्या बाजूला आणि पाठ इतकी टणक की विळीवर चिरता येईना. कोरड्या बादलीत तो दोन तास जिवंत होता. आमच्या आप्पांचा जन्म नदीवर गेला, त्यांनीही असा मासा पाहिलेला नाही. शेजारी त्याला मगरीचे पिल्लू म्हणतात. हा विषारी आहे का? खावा की नदीत सोडून द्यावा? सोबत छायाचित्रे पाठवत आहे.
– एक वाचक

उत्तर : तो नदीत मात्र सोडू नये, हे सर्वांत आधी सांगतो. आपण पाठवलेल्या छायाचित्रांत डोक्यापासून शेपटीपर्यंत हाडांच्या तबकड्यांच्या रांगा, शिडासारखा उंच पाठपर आणि पोटाच्या बाजूला चूषकासारखे गोल तोंड स्पष्ट दिसते. यावरून हा टेरिगोप्लिक्थिस या प्रजातीसमूहातील, म्हणजे दक्षिण अमेरिकेतील मार्जारमीन (कॅटफिश) आहे, असे खात्रीने म्हणता येते. मत्स्यपेटीतील शेवाळ खातो म्हणून दुकानांत तो बोटाएवढा असताना ‘टँक क्लीनर’ या नावाने विकला जातो. तो दीड फुटांपर्यंत वाढू लागला की पेटीत मावत नाही, आणि मग कोणीतरी दया येऊन त्याला ओढ्यात किंवा तळ्यात सोडतो. 2019 आणि 2021 सारखे महापूर आले की तळी, ओढे आणि नदी एक होतात, आणि असे मासे कोठून कोठे जातील याला धरबंध राहत नाही.

ओळखताना एक गल्लत टाळावी. खडकाला चिकटून राहणारे मासे आपल्याकडे मूळचेही आहेत. त्यांपैकी ‘मळ्या’ हा दख्खनच्या नद्यांतला जुना रहिवासी असून त्याच्या शास्त्रीय नावातही ‘मुल्या’ हा शब्द आहे. तो लहान असतो, त्याच्या अंगावर साधे खवले असतात आणि हाताला कवच लागत नाही. परका समजून त्याला मारले जाऊ नये, असे मला मनापासून वाटते.

आता खाण्याविषयी. हा मासा विषारी नाही. ॲमेझॉनच्या खोऱ्यात लोक तो कवचासकट निखाऱ्यावर भाजून खातात. परांचे पुढचे काटे मात्र राठ असतात, ते हाताला लागतात आणि जाळेही फाडतात. खाण्याजोगे मांस मुख्यतः शेपटीकडच्या भागात आणि वजनाच्या मानाने फारच थोडे निघते. माझी खरी काळजी पाण्याची आहे. हा मासा तळाचा गाळ खरवडून खातो आणि गाळात शिसे, कॅडमियम यांसारखे जड धातू साचतात. असे धातू यकृत, मूत्रपिंड आणि कल्ल्यांत अधिक जमतात आणि कितीही शिजवले तरी नष्ट होत नाहीत. म्हणून जेथे सांडपाणी किंवा कारखान्याचे पाणी मिसळते तेथला हा मासा खाऊ नये, आणि लहान मुलांना व गरोदर स्त्रियांना तर कोठलाही देऊ नये. स्वच्छ प्रवाहातला एखादा चाखायचाच असेल तर डोके आणि सगळी आतडी टाकून, मांस पूर्ण शिजवून खावे. पाण्यावर मरून तरंगणारा मासा, मग तो ओळखीचा रोहू का असेना, घरी आणू नये. पाण्यात विष किंवा स्फोटक टाकून मासे मारणे कायद्याने गुन्हा आहे आणि विषाने मेलेला मासा नुसत्या डोळ्यांनी ओळखता येत नाही.

नदीत न सोडण्याचे कारण आपल्या नदीकाठच्या मळीच्या जमिनीशी थेट जोडलेले आहे. हे मासे अंडी घालण्यासाठी काठात हातभर खोल बिळे करतात, त्यामुळे दरड सैल होते. पोटात हवा घेऊन श्वास घेता येत असल्यामुळे ते पाण्याबाहेर तासन्‌तास तगतात, म्हणूनच आपला मासा बादलीत जिवंत राहिला. त्यामुळे सापडलेला मासा काठावर टाकून देऊ नये. डोक्यावर घाव घालून तो मेल्याची खात्री करावी आणि पाण्यापासून दूर पुरून टाकावा. जागा, तारीख आणि छायाचित्र जवळच्या मत्स्योद्योग खात्याच्या कार्यालयात द्यावे. फलकावर कन्नडमध्ये ‘मीनुगारिके इलाखे’ असे लिहिलेले असते. दूधगंगा महाराष्ट्रातून आपल्याकडे येऊन चिकोडी तालुक्यात कृष्णेला मिळते, त्यामुळे वरच्या गावांतील भोई-कोळी बांधवांनाही आपण कळवल्यास फार उपयोग होईल.

प्रश्न : हिडकल जलाशयाच्या बाजूला बाजारात चपटा, रुपेरी, पोटाशी तांबूस मासा ‘पापलेट’ म्हणून मिळाला. त्याचे दात माणसासारखे आहेत. खाल्ला तर चालेल का?
– एक वाचक, हुक्केरी

उत्तर : चालेल. हा पापलेट नसून ‘रूपचंद’ आहे. तोही दक्षिण अमेरिकेतलाच, पण तळ्यांत पाळून विकला जातो. पाठपर आणि शेपटी यांच्या मध्ये मांसल असा एक छोटा पर असतो. समुद्रातल्या पापलेटला तो नसतो, आणि असे दातही नसतात. त्यामुळे पापलेटचा भाव देऊ नये. ताजेपणासाठी कल्ले लाल आणि डोळे स्वच्छ आहेत का, हे पाहून घ्यावे.