वाचक विचारतात : भिंतीची भोकं बुजवू का?

प्रश्न : २६ जुलै २००५ ला मी मुंबईत होतो. साकीनाक्याला दरड झोपड्यांवर कोसळली, आणि कुलाब्याचा भाऊ म्हणे, "इकडे विशेष पाऊस नाही." आता गोव्यात साखळीला डोंगर कापून घर बांधलंय. मागच्या संरक्षक भिंतीच्या भोकांतून गढूळ पाणी येतं, विंचूही निघतात. भोकं बुजवू का? (एक वाचक, साखळी)

उत्तर : मुळीच नको! हा शहाणपणा मी करून बसलोय. फोंड्याला आमच्या भिंतीतून साप निघाला, घरात धोशा लागला, मी गवंड्याकडून सगळी भोकं सिमेंटने लिंपून घेतली. आषाढात भिंतीला पोट आलं. छिन्नीने भोकं मोकळी केली तेव्हा नळासारखी धार लागली.

भाऊ खोटं बोलत नव्हता. त्या दिवशी सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पडला, कुलाब्याला जेमतेम ७३. तेव्हा पणजीच्या पावसाच्या आकड्यावर विसंबू नका, आपला डोंगर बघा. आपल्याकडे वर कडक जांभा, खाली बहुधा मऊ चिकणमाती. जांभ्यातून झिरपलेलं पाणी तिच्यावर अडतं, माती जड होते, आणि पायथा तर आपणच कापलेला. अडलेल्या पाण्याचा दाब भिंत ढकलतो.

विंचवांसाठी भोकांना जाळी बसवा. खरी काळजी गढूळपणाची : मागची माती वाहतेय. इंजिनिअरला आत्ताच दाखवा. पाणी निचरावं म्हणून भिंतीमागे खडी भरायची, पण ते काम पाऊस सरल्यावर. वर डोंगरावर नवी भेग दिसली किंवा माड कलला, तर सामान न आवरता घर सोडा, ११२ ला फोन बाहेर पडल्यावर.