मिलेटस वाचायला घेताय? आधी नकाशा उघडा

मिलेटस या प्राचीन ग्रीक शहराबद्दल वाचायचा उत्साह छान आहे, पण तिथला प्रसिद्ध तत्त्वज्ञ थेलीस याच्यापासून सुरुवात करू नका. बहुतेक जण थेट तत्त्वज्ञानात शिरतात आणि शहर राहूनच जातं.

आधी जुन्या किनाऱ्याचा नकाशा बघा. मिलेटस आज तुर्कस्तानात आहे आणि जवळपास समुद्रच नाही; मिआंडर नदीच्या गाळाने खाडी बुजली. इ.स.पू. ४९४ मध्ये ज्या लादे बेटाजवळ पर्शियन आरमाराने आयोनियन (आजच्या तुर्कस्तानच्या पश्चिम किनाऱ्यावरच्या) ग्रीकांना हरवलं, ते आता सपाट शेतांमधली टेकडी आहे. हे डोळ्यांपुढे आलं की बंदरं, काळ्या समुद्राकाठच्या वसाहती, सगळं जुळत जातं.

मग ग्रीक इतिहासकार हिरोडोटसच्या इतिहासाचे पाचवा आणि सहावा हे खंड. पर्शियन सत्तेविरुद्धचं आयोनियन बंड, शहराचा पाडाव, आणि त्यावर नाटक करणाऱ्या फ्रिनिखसला अथेन्सने ठोठावलेला १,००० द्राख्मांचा दंड (प्रेक्षक रडले म्हणून!).

नवख्यांच्या नेहमीच्या चुका दोन:
- फोटोतलं भव्य नाट्यगृह थेलीसच्या काळचं समजणं. दिसतं ते बरंचसं रोमन काळातलं.
- बाजाराचं प्रसिद्ध प्रवेशद्वार तिथे शोधणं. ते बर्लिनच्या पेर्गामोन संग्रहालयाकडे आहे.

मिलेटसचा नगररचनाकार हिप्पोडामस आणि नगररचनेचे वाद सध्या बाजूला ठेवा. जवळच्या दिदिमा इथलं अपोलो देवाचं मंदिर मात्र सोडू नका, शहरातून मिरवणूक तिथवर जायची.