लेकीला रेडिओग्राफी फिल्म वाचायच्या आहेत

प्रश्न : मी शिरोली एमआयडीसीत फौंड्रीत सुपरवायझर आहे. मुलगी बी.एस्सी. (फिजिक्स) झाली. वेल्डिंग-कास्टिंगच्या रेडिओग्राफी फिल्म (आतले दोष दाखवणारे एक्स-रेसारखे फोटो) तपासायचं काम शिकायचं म्हणते. एक क्लासवाला आठवड्यात ‘लेव्हल टू’ (फिल्म वाचून रिपोर्टवर सही करण्याची पात्रता) करून देतो म्हणाला. पण रेडिएशनची भीती वाटते. तिला पाठवू का?

उत्तर : पाठवा, पण त्या क्लासला नको.

आधी भीतीचं बोलू. फिल्म घेणं आणि फिल्म वाचणं ही दोन कामं आहेत. घेणाऱ्याजवळ एक्स-रे मशिन किंवा इरिडियम-१९२ हा किरणोत्सारी सोर्स असतो. मशिनचं बटण बंद केलं की किरण थांबतात. इरिडियम बंद करता येत नाही, ७४ दिवसांत त्याची ताकद निम्मी होते इतकंच. म्हणून तिथे टीएलडी बॅज (अंगावर किती रेडिएशन पडलं ते मोजणारा) आणि एईआरबी या अणुऊर्जा नियामक मंडळाचे नियम आहेत: पाच वर्षांच्या सरासरीने वर्षाला २० मिलिसिव्हर्ट (रेडिएशन डोसाचं माप), कुठल्याही एका वर्षी ३० पेक्षा जास्त नाही. वाचणारी व्यक्ती व्ह्यूअरसमोर बसते. किरण पडले म्हणून फिल्म किरणोत्सारी होत नाही, त्यामुळे त्या खोलीत धोका नाही. तरी सुरुवातीला तिने फिल्म घेण्याचं कामही नियम पाळून करावं. शॉट कसा घेतला हे कळल्याशिवाय वाचन पक्कं होत नाही.

वाचन म्हणजे काय ते सांगतो. वेल्डच्या मधोमध सरळ काळी रेघ दिसली तर पेनिट्रेशन कमी पडलंय, म्हणजे वेल्ड मुळापर्यंत पोचलं नाही. गोल काळे ठिपके म्हणजे पोरॉसिटी (वायूची छिद्रं), वेडीवाकडी काळी खूण बहुधा स्लॅग (आत अडकलेली मळी). पांढरा ठिपका दिसला तर वेल्डिंगच्या इलेक्ट्रोडचं टंगस्टन अडकलंय, कारण ते स्टीलपेक्षा जास्त किरण अडवतं. पण त्याआधी फिल्मच नीट आहे का ते बघायचं: आयक्यूआयची (फिल्मचा दर्जा तपासायला शॉटमध्ये ठेवलेल्या बारीक तारांची पट्टी) ठरलेली तार दिसते का, डेन्सिटी म्हणजे फिल्मचा काळेपणा बसतो का. संशयास्पद रेघ दिसली की फिल्म उजेडात तिरकी धरायची. ओरखडा असेल तर पृष्ठभागावर चमकतो. क्रॅक तर किरणांच्या रेषेत असेल तरच उमटतो, म्हणून स्वच्छ फिल्म बघूनही जाणकार माणूस कधी कधी अल्ट्रासॉनिक (ध्वनिलहरींची) तपासणी करून घ्यायला सांगतो. ही नजर आठवड्यात येत नाही.

आता प्रमाणपत्र. बऱ्याच कंपन्या एसएनटी-टीसी-१ए ही तपासनिसांच्या पात्रतेची अमेरिकन मार्गदर्शिका पाळतात. त्यात ट्रेनिंग, अनुभवाचे तास, परीक्षा आणि जवळच्या नजरेची तपासणी हे सगळं बघून कंपनीच लेव्हल देते. अनुभवाशिवायच्या कागदाला चांगल्या ठिकाणी विचारत नाहीत. सोर्स हाताळायचा तर बीएआरसीचा (भाभा अणुसंशोधन केंद्र) आरटी-१ हा रेडिओग्राफीचा कोर्स बघा. आयएसएनटी या अशा तपासण्यांच्या भारतीय संस्थेचे कोर्सही चालतात. मुलींचं क्षेत्र आहे का, ही शंका सोडून द्या. फिजिक्सवाल्या मुलीला यात उलट सोपं जातं.

मला काळजी वाटते ती दुसऱ्याच गोष्टीची. ‘उद्या डिस्पॅच आहे, बघा काही होतंय का’ असं तिला ऐकावं लागेल आणि रिपोर्टवर सही तिची असेल. बॉयलरचा जॉइंट पास करताना नाही म्हणायचं धैर्य तिच्यात आहे का, हे तुम्हीच तिच्याशी मोकळेपणाने बोला.

आणि एक करा. तुमच्याकडे श्रिंकेजमुळे (धातू थंड होताना आकसून पडलेल्या पोकळीमुळे) रिजेक्ट झालेलं कास्टिंग असेल, ते कापून तिला दाखवा. त्याची फिल्म असेल तर शेजारी ठेवा. रायझर (आकसताना जादा धातू पुरवणारा साचा-भाग) कुठे कमी पडला ते तुम्ही समजावून सांगा. मग एखाद्या टेस्टिंग लॅबमध्ये सहा महिने ट्रेनी म्हणून मिळतं का बघा.